एंटर दाबल्यावर फाइलीत काय लिहिलं जातं?

विंडोजच्या लॅपटॉपवर लिहिलेली एक छोटीशी शेल स्क्रिप्ट लिनक्सच्या सर्व्हरवर चढवली. बॅश त्या सर्व्हरवर आहे, फाइलीला चालवण्याची परवानगी दिलेली आहे, लिहिण्यातही चूक नाही. तरी चालवायला जावं तर उत्तर येतं, ‘बॅड इंटरप्रिटर: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. सांगितलेला इंटरप्रिटर सापडत नाही, असं मशीन म्हणतं. जाऊन पाहावं तर बॅश जागच्या जागी. पहिली ओळ पुन्हा वाचावी तर तीही बिनचूक. मग परवानग्या बदलून पाहा, पाथ बदलून पाहा, सर्व्हर सांभाळणाऱ्याला फोन करा, असं सगळं सुरू होतं. खरं तर उत्तर त्या संदेशातच छापलेलं असतं. बॅशच्या नावाला चिकटून एक टोपी आणि रोमन एम असतो, ‘बॅश^एम’ असा. पण काहीतरी कचरा आलाय असं समजून नजर पुढे सरकते.

तो ^एम म्हणजे १३ हा आकडा. मजकुराच्या फाइलीत ओळी अशा नसतातच. एकामागून एक मांडलेल्या आकड्यांची एक सलग रांग असते. ‘इथे ओळ संपली’ हे सांगायलाही आकडाच लागतो, आणि तो कोणता यावर संगणकांच्या जगात कधीच एकमत झालं नाही. लिनक्स आणि आजचा मॅक फक्त १० लिहितात. विंडोज आधी १३ आणि मग १० असे दोन आकडे लिहितं. २००१ साली ओएस टेन येण्यापूर्वीचा मॅक फक्त १३ लिहायचा. ॲस्की या संकेतप्रणालीत १३ म्हणजे ‘कॅरेज रिटर्न’ आणि १० म्हणजे ‘लाइन फीड’. व्यवहारात त्यांना सीआर आणि एलएफ म्हणतात. ^एमची खूण कुठून आली, तर कंट्रोल धरून एम दाबलं की १३ निघतो आणि जे दाबलं की १०, कारण रोमन वर्णमालेत एम तेरावा आणि जे दहावा.

आता त्या स्क्रिप्टचं काय झालं ते कळतं. पहिली ओळ वाचून कोणता इंटरप्रिटर बोलवायचा हे लिनक्सचं कर्नल ठरवतं, आणि ते वाचतं १० येईपर्यंत. त्याआधीचा १३ त्याच्या लेखी नावाचाच भाग. म्हणजे कर्नल ‘बॅश’ शोधत नाही, ‘बॅश आणि शेवटी एक सीआर’ अशा नावाची फाइल शोधतं. ती कुठून असणार? संदेश शब्दशः खरा असतो. बॅशच्या अलीकडच्या आवृत्त्यांनी तर ‘लागणारी फाइल सापडली नाही’ एवढंच सांगायला सुरुवात केली आहे, त्यामुळे ^एमचा तो एक धागाही हातचा गेला.

हे दोन आकडे आले तारायंत्राच्या जगातून. डोनाल्ड मरे या न्यूझीलंडच्या माणसानं १९०१ साली बोदोच्या तारसंकेतात सुधारणा केली, तेव्हा अक्षरांबरोबर छापयंत्राला हलवणाऱ्या आज्ञाही संकेतात घातल्या. हातानं चालवायच्या गोदरेज किंवा रेमिंग्टनवर ज्यांनी टायपिंगच्या परीक्षा दिल्या, त्यांना डावीकडची ती दांडी आठवत असेल. दांडी ओढली की आधी कागद एक ओळ वर सरके आणि त्याच ओढीत कॅरेज परत सुरुवातीला येई. हालचाली दोन, पण हात एकच. टेलिप्रिंटरमध्ये या दोन हालचालींना दोन वेगळे संकेत मिळाले. सीआरनं छापणारं डोकं ओळीच्या सुरुवातीला यायचं, एलएफनं कागद वर चढायचा. वेगळे ठेवण्यात फायदाही होता. नुसता सीआर पाठवला तर त्याच ओळीवर पुन्हा छापता येतं. अधोरेखन करा, ठळक करा, नाहीतर टाइप झालेला पासवर्ड वर आणखी अक्षरं छापून झाकून टाका.

१९६३ साली ॲस्की प्रसिद्ध झालं आणि त्याच वर्षी टेलिटाइप कंपनीचं मॉडेल ३३ बाजारात आलं. पुढे संगणकांना जोडायचं स्वस्त टर्मिनल म्हणून ते जिथे तिथे दिसू लागलं. त्याचा वेग सेकंदाला १० अक्षरं. म्हणजे एका अक्षराला सेकंदाचा दहावा भाग, आणि उजव्या टोकाला गेलेलं डोकं तेवढ्या वेळात परत येत नसे. म्हणून आधी सीआर पाठवायचा, डोकं निघालं की पाठोपाठ एलएफ. कागद सरकेपर्यंत डोकं पोचायला आणखी वेळ मिळे. क्रम उलटा केला तर पुढचं अक्षर ओळीच्या मध्येच कुठेतरी उमटायचं. विंडोजच्या प्रत्येक मजकूर फाइलीत १३ नंतरच १० येतो त्यामागचं कारण हे, एका लोखंडी यंत्राला लागणारा वेळ.

या यंत्राची अडचण फाइलीत का साठवायची, असा प्रश्न मल्टिक्सच्या मंडळींना पडला. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्स यांची ही १९६०च्या दशकातली प्रणाली. त्यांनी फाइलीत फक्त १० ठेवला, आणि कोणत्या यंत्राला काय पाठवायचं ते ड्रायव्हरवर सोपवलं. बेल लॅब्स त्यातून बाहेर पडल्यावर केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्स उभं केलं, तेव्हा ही रीत तशीच उचलली. दुसऱ्या बाजूला डिजिटल इक्विपमेंटच्या यंत्रांवर दोन्ही आकड्यांची चाल होती. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ साली सीपी/एम लिहिताना ती घेतली. सीपी/एमची घडण समोर ठेवून डॉस तयार झालं आणि डॉसच्या मागून विंडोज आलं. माझ्या मते मल्टिक्सचा निर्णय निखालस शहाणपणाचा होता. पण विंडोजला हसण्यातही अर्थ नाही, कारण इंटरनेटनं दोन्ही आकडेच घेतले. १९८२ सालच्या ईमेलच्या नियमावलीत प्रत्येक ओळ सीआर-एलएफनं संपते, वेबच्या एचटीटीपीतही तसंच, आणि २००५ साली सीएसव्हीचं वर्णन करणारं आरएफसी ४१८० निघालं त्यातही तेच. नोटपॅड मात्र १९८५ पासून २०१८ पर्यंत फक्त सीआर-एलएफ ओळखत होतं. लिनक्सची फाइल त्यात उघडली की सगळा मजकूर एकाच लांबलचक ओळीत दिसायचा. ही गैरसोय दूर होत असल्याची घोषणा मायक्रोसॉफ्टनं मे २०१८मध्ये केली.

आता प्रत्यक्ष कामाकडे. यापुढे कमांडची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.

बदलण्याआधी पाहायचं, ही पहिली पायरी लोक हमखास गाळतात. सगळ्यात सोपी कमांड म्हणजे ‘फाइल’. तिच्यापुढे फाइलीचं नाव दिलं की ती मजकुराचा प्रकार सांगते आणि विंडोजची फाइल असेल तर ‘विथ सीआरएलएफ लाइन टर्मिनेटर्स’ असं जोडते. दोन्ही प्रकार मिसळले असतील तर सीआरएलएफ आणि एलएफ अशी दोन्ही नावं देते. ही मिसळ फार होते. कुणीतरी लिनक्सवरच्या फाइलीत विंडोजवरून चार ओळी चिकटवतो आणि तेवढ्याच चार ओळींना शेपूट येतं.

स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं तर ‘कॅट’ला मोठा ए हा पर्याय द्यायचा. प्रत्येक ओळीच्या शेवटी डॉलरचं चिन्ह येतं आणि सीआर असेल तिथे त्याआधी ^एम. मॅकवर मोठा ए चालत नाही, तिथे छोटा ई द्यायचा. मराठी मजकुरावर मात्र ही युक्ती बेतानंच वापरावी. कॅट या पर्यायात देवनागरी अक्षरं दाखवत नाही, त्यांचे बाइट आपल्या खुणांमध्ये दाखवतं. यूटीएफ-८मध्ये ‘क’चे तीन बाइट आहेत २२४, १६४ आणि १४९, त्यातल्या १६४ची खूण ‘एम-$’ अशी आहे. त्यामुळे पडदा डॉलरांनी भरून जातो आणि ‘ऍ’ हे अक्षर असेल तिथे तर ^एमसुद्धा दिसतो, सीआर नसताना. अशा वेळी ‘ओडी’ला छोटा सी देऊन फाइल पाहावी. ती बाइटगणिक दाखवते, आणि सीआर-एलएफच्या जागी बॅकस्लॅश-आर, बॅकस्लॅश-एन असं स्वच्छ लिहिते.

कधी फाइलीकडे लक्ष जायच्या आधीच सीआर स्वतःहून चुगली करतो. समजा पिनकोडांची यादी विंडोजवरून आली आहे आणि शेल स्क्रिप्ट एकेक पिन वाचून चौकटी कंसात छापते. अपेक्षा ‘[४११०३०]’ अशी. पडद्यावर दिसतं ‘]४११०३०’. सुरुवातीचा कंस गेला कुठे? मशीननं आधी कंस छापला, मग पिन, मग पिनला चिकटलेला सीआर. सीआरनं कर्सर ओळीच्या सुरुवातीला नेला आणि बंद होणारा कंस उघडणाऱ्या कंसावर जाऊन बसला. साठ वर्षांपूर्वी मॉडेल ३३च्या कागदावर जे घडलं असतं तेच इथे पडद्यावर घडतं. फाइल डाउनलोड होताना टक्केवारी एकाच ओळीत बदलत राहते, तीही याच सीआरच्या जोरावर.

सीएसव्हीत दुखणं जास्त लपतं. शेवटच्या रकान्यात जिल्ह्याचं नाव असेल तर प्रत्येक ‘पुणे’ खरं म्हणजे ‘पुणे आणि सीआर’ असतो. ‘ओळीच्या शेवटी पुणे’ असं ‘ग्रेप’नं शोधलं तर एकही ओळ मिळत नाही. दोन याद्या जिल्ह्यावरून जोडायला गेलं तर जुळणी शून्य. आणि पडद्यावर दोन्ही नावं अगदी सारखी.

बदल करायला सगळ्यात जुनं आणि सगळीकडे सापडणारं हत्यार म्हणजे ‘टीआर’. त्याला छोटा डी आणि अवतरणात बॅकस्लॅश-आर दिलं की वाटेत भेटेल तो प्रत्येक १३ तो उडवतो. टीआर फाइलीचं नाव घेत नाही. ‘पेक्षा लहान’ या चिन्हानं मूळ फाइल आत सोडायची आणि ‘पेक्षा मोठा’ या चिन्हानं नवी फाइल बाहेर काढायची. इथे एक सापळा आहे. दोन्हीकडे एकाच फाइलीचं नाव दिलंत तर फाइल गेली समजा. टीआर सुरू होण्याआधीच शेल बाहेरची फाइल कोरी करून ठेवतं, त्यामुळे वाचायला काही उरतच नाही. एरर येत नाही. शून्य बाइटची फाइल तेवढी हाती लागते.

टीआरला ओळ कळत नाही. ‘सेड’ला कळते. ‘एस, तिरकी रेघ, बॅकस्लॅश-आर, डॉलर, तिरकी रेघ, तिरकी रेघ’ असा त्याचा नियम. अर्थ इतकाच की ओळीच्या अगदी शेवटी सीआर असेल तर तो काढ. मधे कुठे सीआर असलाच तर तो सुरक्षित राहतो. सोबत छोटा आय हा पर्याय दिला की बदल त्याच फाइलीत होतो. बरेच जण सेडमध्ये ‘सीआर-एलएफच्या जागी एलएफ’ असा नियम लिहितात आणि काहीच होत नाही म्हणून चक्रावतात. सेड ओळ हातात घेताना तिचा एलएफ आधीच काढून बाजूला ठेवतो, मग नियम लावतो, मग एलएफ परत जोडतो. नियमाला एलएफ दिसतच नाही. ‘पर्ल’ तो काढत नाही, म्हणून तिथे तोच नियम चालतो. मॅकवरचा सेड बीएसडी घराण्यातला आहे. तिथे छोट्या आयनंतर बॅकअपचं शेपूट, निदान रिकामी अवतरणं तरी, द्यावीच लागतात, आणि त्याच्या जुन्या आवृत्त्यांना बॅकस्लॅश-आर कळत नाही. मॅकवर काम करणाऱ्यानं पर्ल वापरावा हे बरं.

उलटा प्रवास, म्हणजे लिनक्सकडून विंडोजकडे, सेडनं करताना ‘ओळीच्या शेवटी सीआर लाव’ असा नियम सुचतो. तो आधीच विंडोजच्या असलेल्या फाइलीवर चालवला तर प्रत्येक ओळीला दोन सीआर लागतात. दुसऱ्यांदा चालवला तर तीन. म्हणून नियमात ‘शेवटी असतील तेवढे सीआर काढून एक लाव’ असं लिहावं. बॅकस्लॅश-आरपुढे एक तारा टाकला की काम झालं.

हे सगळं लक्षात ठेवायचं नसेल तर खास या कामासाठी लिहिलेली जोडी आहे, ‘डॉस-टू-युनिक्स’ आणि ‘युनिक्स-टू-डॉस’. टाइप करताना नाव सलग लिहायचं आणि ‘टू’च्या जागी २ हा आकडा. बहुतेक लिनक्सवर ती आपण बसवावी लागते, पण बसवावी. युनिक्स-टू-डॉस आधीच सीआर असलेल्या ओळीला दुसरा सीआर लावत नाही. फाइल मजकुराची नसून बायनरी आहे असं दिसलं तर दोघेही तिला हात न लावता पुढे जातात. छोटा आय दिला तर फाइल न बदलता कोणत्या प्रकारच्या किती ओळी आहेत याचा हिशेब देतात, आणि छोटा के दिला तर फाइलीची तारीख जशीच्या तशी ठेवतात. जुन्या मॅकच्या, फक्त सीआर असलेल्या फाइलींसाठी ‘मॅक-टू-युनिक्स’ही सोबत येतं.

आता मराठीत काम करणाऱ्यांनी नीट वाचावा असा भाग. वर सांगितलेलं सगळं यूटीएफ-८च्या फाइलींना बिनधोक लागू पडतं. यूटीएफ-८मध्ये देवनागरी अक्षराचे तिन्ही बाइट १२७च्या वरचे असतात, त्यामुळे १३ किंवा १० दिसला तर तो खरोखरच ओळीचा शेवट. पण विंडोजवरून येणारी प्रत्येक मराठी फाइल यूटीएफ-८ नसते. जुन्या नोटपॅडमध्ये मराठी मजकूर जपायचा तर साठवताना ‘युनिकोड’ निवडायची सवय होती, आणि नोटपॅडचं ‘युनिकोड’ म्हणजे यूटीएफ-१६. विंडोज पॉवरशेलच्या ५.१ आवृत्तीत ‘पेक्षा मोठा’ चिन्हानं काढलेली फाइलही यूटीएफ-१६च असते. या प्रकारात प्रत्येक देवनागरी अक्षराला दोन बाइट लागतात. मोठा बाइट देवनागरीच्या सगळ्या अक्षरांसाठी ९, आणि लहान बाइट अक्षराप्रमाणे वेगळा. ‘ऊ’चा लहान बाइट आहे १०. ‘ऍ’चा आहे १३.

म्हणजे ओळी मोजणाऱ्या ‘डब्ल्यूसी’ला अशी फाइल दिली तर ती मजकुरातला प्रत्येक ‘ऊ’ ओळ म्हणून मोजते. मराठीच्या ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली, ५.१ आवृत्तीत मिळाली. जुन्या फाइलींमध्ये त्याच्या जागी ‘ऍ’ भरपूर आढळतो आणि टीआर त्या प्रत्येक ‘ऍ’चा अर्धा भाग कापून नेतो.

ऍ नसला तरी टीआरपासून सुटका नाही. फाइलीत पहिली ओळ ‘ऊस’, दुसरी ‘कापूस’ आणि तिसरी ‘तूर’ आहे असं धरू. विंडोजवर लहान बाइट आधी लिहिला जातो, म्हणून ‘ऊस’ होतो १०, ९, ५६, ९. सीआरलाही इथे दोन बाइट, १३ आणि ०. एलएफला १० आणि ०. टीआर १३ तेवढा उडवतो आणि त्याच्या जोडीचा ० मागे राहतो. इथून पुढे जोड्या एका घरानं सरकतात. राहिलेला ० पुढच्या १०बरोबर जोडला जातो आणि ओळीचा शेवट नाहीसा होतो. कारण या नव्या जोडीच्या जागी युनिकोडमध्ये अक्षरच नाही. पुढे ‘कापूस’मधला ‘क’ कॅनडातल्या आदिवासी भाषांसाठीच्या लिपीचं अक्षर होऊन बसतो, काना, ऊकार आणि ‘स’ यांची दुर्मिळ चिनी अक्षरं होतात, आणि ‘प’चं एक गणिती चिन्ह. ओळीच्या शेवटी दुसरा १३ उडतो, जोड्या आणखी एका घरानं सरकून पुन्हा जागेवर येतात, आणि ‘तूर’ स्वच्छ मराठीत उमटते. अशा फाइलीत एक ओळ वाचता येते, एक येत नाही. हे लक्षण दिसलं की फॉन्टला दोष देऊ नये.

सेड निदान नासधूस करत नाही, कारण इथे १० च्या आधी १३ नसून ० असतो. त्याला काढण्यासारखं काही मिळत नाही. फाइल होती तशी राहते आणि माणसाला वाटतं काम झालं.

उपाय सोपा आहे. आधी ‘फाइल’ कमांडनं प्रकार विचारायचा. यूटीएफ-१६ असं उत्तर आलं तर ‘आयकॉन्व्ह’नं ती यूटीएफ-८मध्ये आणायची आणि मगच सीआर काढायचे. डॉस-टू-युनिक्सची ६.० आणि पुढची आवृत्ती असेल तर फाइलीच्या सुरुवातीची खूण पाहून ते यूटीएफ-१६ ओळखतं आणि लिनक्सवर दोन्ही कामं एकदमच करतं. ती सुरुवातीची खूण, जिला बॉम म्हणतात, तीही काढून टाकतं. हेही बरंच, कारण यूटीएफ-८ फाइलीच्या तोंडाशी राहिलेला बॉम स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीचं तितकंच वाटोळं करतो.

एका फाइलीचं सांगून झालं. शेकडो फाइलींचं वेगळं. अख्ख्या फोल्डरवर सेड किंवा टीआर फिरवला तर त्यात चित्रं येतात, झिप येतात, आणि गिटचा स्वतःचा लपलेला फोल्डरही येतो. चित्रात १३ हा रंगाचा आकडा असू शकतो. एफटीपीच्या जमान्यात हा अपघात इतका नेहमीचा होता की पीएनजी हा चित्रप्रकार घडवणाऱ्यांनी त्यासाठी सापळाच लावून ठेवला. प्रत्येक पीएनजी फाइलीचे पहिले आठ बाइट ठरलेले असतात: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. दुसरा, तिसरा आणि चौथा बाइट म्हणजे पी, एन आणि जी. त्यानंतर मुद्दाम एक सीआर-एलएफ आणि शेवटी मुद्दाम एक सुटा एलएफ. वाटेत कुणी सीआर काढले तर पहिली जोडी मोडते, कुणी घातले तर शेवटचा एलएफ बदलतो. दोन्ही वेळा चित्र उघडणाऱ्या प्रोग्रामला पहिल्या आठ बाइटांतच कळतं की फाइल बिघडली आहे. मधला २६ डॉसमध्ये मजकुराचा शेवट मानला जाई, म्हणून तिथे कुणी चुकून ही फाइल ‘टाइप’ कमांडनं पाहिली तर पडद्यावर कचरा न येता ती तिथेच थांबे. आठ बाइटांत एवढा विचार क्वचितच पाहायला मिळतो.

म्हणून फोल्डरवर काम करताना आधी फक्त यादी काढावी. ग्रेपला आर, एल आणि मोठा आय हे पर्याय आणि शोधायला सीआर दिला की ज्या मजकूर फाइलींत सीआर आहे त्यांची नावं येतात. बायनरी फाइली मोठ्या आयमुळे वगळल्या जातात. यादीवर नजर टाकावी. विंडोजच्या बॅच फाइली त्यात असतील तर त्यांना हात लावू नये, कारण सुट्या एलएफच्या बॅच फाइलीत ‘गोटो’ला कधीकधी आपलं लेबल सापडत नाही. उरलेल्या डॉस-टू-युनिक्सकडे द्याव्यात.

आणि हे काम दर आठवड्याला करावं लागत असेल तर दोष फाइलींचा नाही, व्यवस्थेचा आहे. संघात निम्मे विंडोजवर आणि निम्मे मॅकवर किंवा लिनक्सवर असतील, तर कुणाचा तरी एडिटर गुपचूप सगळ्या ओळींची शेपटं बदलतो. एका शब्दाची दुरुस्ती असते आणि गिट सांगतं की हजार ओळी बदलल्या. कोणती ओळ कुणी लिहिली याचा इतिहासही मग त्याच माणसाच्या नावावर जमा होतो. गिटमध्ये यासाठी ‘कोअर डॉट ऑटोसीआरएलएफ’ ही सेटिंग आहे. विंडोजवरचं गिट बसवताना ती सहसा चालूच होते: फाइली लॅपटॉपवर उतरताना सीआर लागतात, परत जाताना निघतात. पण ही सेटिंग ज्याच्या त्याच्या मशीनवर असते. नवा माणूस आला, त्यानं बसवताना दुसरा पर्याय निवडला की पुन्हा गोंधळ. तिच्यावर विसंबू नये. विंडोजवर सीआर लागलेली स्क्रिप्ट तशीच डॉकरच्या इमेजमध्ये गेली की तिथेही सुरुवातीचाच ‘नो सच फाइल’ समोर येतो.

नियम प्रकल्पाबरोबर फिरायला हवा, आणि त्यासाठी ‘डॉट-गिटॲट्रिब्यूट्स’ नावाची फाइल प्रकल्पाच्या मुळाशी ठेवायची. त्यात चार ओळी पुरतात. सगळ्या फाइलींसाठी ‘टेक्स्ट’ बरोबर ‘ऑटो’. शेल स्क्रिप्टसाठी ‘ईओएल’ बरोबर ‘एलएफ’. बॅच फाइलींसाठी ‘ईओएल’ बरोबर ‘सीआरएलएफ’. चित्रांसाठी ‘बायनरी’. कुणाच्या मशीनवर कोणतीही सेटिंग असो, ही फाइल तिच्यावर मात करते.

प्रकल्प जुना असेल आणि आत दोन्ही प्रकार मिसळलेले असतील, तर ही फाइल लिहिल्यावर ‘गिट ॲड’ला ‘रीनॉर्मलाइज’ हा पर्याय देऊन सगळं एकदाच सरळ करून घ्या. त्या कमिटमध्ये दुसरा एकही बदल घालू नका, म्हणजे इतिहास पाहताना ती एकटी वगळता येईल. ‘गिट ब्लेम’ला वगळायच्या कमिटांची यादी देण्याची सोय २०१९ पासून आहे. आणि सगळ्यांचं हातातलं काम आधी जमा होऊ द्या. नाहीतर कुणाच्या तरी अर्धवट राहिलेल्या ब्रँचशी त्या फाइलींची प्रत्येक ओळ भांडेल, आणि तो फोन तुम्हालाच येईल.